धिंगाणा व्याख्या उपसमिती

मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हे मी मिरवायला सांगत नाही. त्यात मिरवण्यासारखं काही नसतं, हे ज्याने एकदा तरी सेक्रेटरीपण केलंय त्याला ठाऊक आहे. सांगतोय ते एवढ्यासाठी, की पुढे जे घडलं त्यात मी पदसिद्ध होतो, हौशी नव्हतो, हे आधीच नोंदलेलं बरं.

माझी उभी हयात वीज मंडळात पत्रांचे मसुदे लिहिण्यात गेली. 'कृपया' कुठे घालायचं, 'सक्त' कुठे घालायचं आणि 'अन्यथा' लिहून पुढे काहीच न लिहिता माणसाला कसं घाबरवायचं, यात माझा हात धरणारं आमच्या खात्यात कुणी नव्हतं. निवृत्तीनंतर ही कला डोंबिवली पूर्वेच्या गोविंद हाइट्सच्या नोटीस बोर्डावर उतरली. टाकीची सफाई, कबुतरांना टाकलेले दाणे, लिफ्टमध्ये कुणीतरी विसरलेली फणसाची आठळी, सगळ्यांवर मी लिहिलं आणि कधी कुणी अवाक्षर काढलं नाही. कुणी वाचतच नसेल, असं माझी बायको नीला म्हणते. असो.

आणि अशा माणसाची फजिती व्हावी ती एका शब्दाने! तोही काही संस्कृत, जडजंबाल शब्द नव्हे. धिंगाणा. शेंबड्या पोरालाही कळणारा.

गोविंद हाइट्सच्या जागी पूर्वी गोविंदाश्रम नावाची चाळ होती. आम्ही जुने भाडेकरू खालच्या मजल्यांवर आलो, नवे लोक वरच्या मजल्यांवर. मधलं मोठं अंगण बिल्डरने गाड्यांखाली घातलं. उरला तो इमारतीमागचा कोपरा. मीटर रूम, कुंपणाची भिंत आणि जुन्या विहिरीचा दगडी कठडा. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. विहीर राहिली ती रखमाबाई म्हात्र्यांमुळे. जमीन मुळात त्यांची. बिल्डरला त्यांनी सांगितलं होतं, "हिर बुजवशील तं सही नाय." बिल्डरने हिर, म्हणजे विहीर, बुजवली नाही. त्या कोपऱ्यात मुलं खेळत.

आणि तिथल्याच गलक्याने एका दुपारी चारच्या सुमारास चेअरमनची झोप मोडली.

चेअरमन म्हणजे रतन धुरी. माझा चाळीतला दोस्त. त्याचं बिऱ्हाड माझ्या बिऱ्हाडाला लागून होतं आणि आता फ्लॅटही समोरासमोर आहेत. दोघांचा पहिला मजला, गॅलऱ्या मागच्या बाजूला, त्याची तर थेट विहिरीवर. तो पायजम्यातच माझ्याकडे आला.

"सुध्या, लिही."

"काय लिहू?"

"बोर्ड. पत्र्याचा. मोठा. 'आवारात धिंगाणा घालण्यास सक्त मनाई आहे.' खाली 'हुकुमावरून'."

"हुकूम कुणाचा?"

"माझा! नुसता धिंगाणा चाललाय तिथे. माणसाने झोपायचं की नाही?"

आता हे कोण बोलतंय? गोविंदाश्रमाच्या इतिहासात धिंगाण्याचा अनभिषिक्त राजा कोण, असं कुणालाही विचारा. जोशांच्या पापडांच्या वाळवणातून सायकल कुणी नेली? गॅलरीतल्या सगळ्या बिऱ्हाडांच्या कड्या बाहेरून कुणी लावल्या? होळीला सोनारकाकांची आरामखुर्ची पेटायच्या आत सापडली हे सोनारकाकांचं नशीब, पण ती तिथवर नेली कुणी? रतन धुरीने. मी पाठीमागे असायचो, तेही फक्त लक्ष ठेवायला. पण मैत्री वेगळी आणि पद वेगळं. मी बोर्ड लिहून दिला. पेंटरने लाल अक्षरात रंगवला, आणि 'सक्त' जरा जास्तच जाड काढलं. तो मीटर रूमच्या भिंतीवर लागला.

दुसऱ्या दिवशी दारात शिष्टमंडळ. पुढे माझीच नात क्षिप्रा. सातवीत आहे. पाठीमागे अर्ध्या बिल्डिंगची पोरं.

"आजोबा, सेक्रेटरी म्हणून विचारतोय. धिंगाणा म्हणजे नक्की काय काय?"

"म्हणजे काय म्हणजे? धिंगाणा म्हणजे धिंगाणा. कळतं की गं."

"नाही ना कळत. पळालेलं चालेल?"

"चालेल."

"ओरडत पळालेलं?"

"तसं… हळू ओरडत."

"हळू ओरडत म्हणजे बोलत ना? आणि कुणी पडलं तर हसायचं का? कितीजण हसलेले चालतील? काही लॉजिकच नाही आजोबा. आम्ही आउट कधी होणार ते आधी सांगा, मग आम्ही खेळतो."

एवढी वर्षं नोकरी केली, पण माझ्या ड्राफ्टला असा प्रश्न वरिष्ठांनीसुद्धा विचारला नव्हता. मी "बघून सांगतो" म्हणालो. हे आमच्या खात्यातलं सर्वांत सुरक्षित उत्तर. पण पोरांनी ते खरं मानलं आणि व्याख्या होईपर्यंत खालीच न उतरण्याचं ठरवून टाकलं.

गोष्ट इथेच मिटली असती, पण पोरांमध्ये वरच्या मजल्यावरची सान्वी होती आणि सान्वीचे बाबा साकेत हे वकील आहेत. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की ज्या शब्दाची व्याख्या नाही त्याला मनाई करता येत नाही. त्यावर अंगठ्यांचा पाऊस. लगोलग मिटिंग झाली. साकेत उभे राहिले.

"टेक्निकली दोनच मार्ग आहेत, काका. एक तर धिंगाण्याची व्याख्या करा. नाहीतर तो कोपराच पाहुण्यांच्या पार्किंगला देऊन टाका. जागाच नाही तर भांडण नाही."

वरच्या मजल्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांच्या गाड्यांवरून त्यांचं डोकं आधीच फिरलेलं होतं. मी मात्र टाळी वाजवली नाही. त्या अंगणात माझे दुधाचे दात पडलेत. सगळं गेलं, कोपरा तेवढा उरलाय, आणि तिथेही उद्या कुणाच्या तरी मेव्हण्याची गाडी उभी राहणार! मी रतनकडे पाहिलं. म्हटलं, आता हा उसळेल. तो टेबलाकडे बघत बसला होता. म्हणाला, "मला काय, शांतता झाल्याशी मतलब."

मीच मग उठून व्याख्येचा मार्ग सुचवला. आणि जो सुचवतो त्याच्याच गळ्यात पडतं, या जागतिक नियमाने 'धिंगाणा व्याख्या उपसमिती' स्थापन झाली. निमंत्रक मी. सदस्य साकेत आणि रखमाबाई. चेअरमन पदसिद्ध. शब्दाचा अर्थ आणि उगम शोधून पुढच्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत अहवाल द्यायचा, नाहीतर कोपरा पार्किंगला.

घरी येऊन हे सांगितलं तर नीला कणीक मळता मळता म्हणाली, "तुम्ही करणार व्याख्या? कधी घातलायत का आयुष्यात?"

"चाळीत असताना…"

"रतनभावजी घालायचे. तुम्ही त्यांच्या चपला सांभाळायचात. सासूबाईंनीच सांगितलंय मला."

असल्या वातावरणात विद्वत्ता फुलत नसते. तरी मी बसलो. शब्दांची मांडणी केली. मस्ती, दंगा, धुडगूस, कल्ला, धमाल. दंगा म्हटलं की पोलीस आठवतात. धमाल म्हटलं की कसली तरी जाहिरात वाटते. धुडगूस गुरांनी घालावा. आणि धिंगाणा म्हटल्यावर? मला आईच आठवली. दिवेलागणीला गॅलरीत येऊन, ओला हात पदराला पुसत ती ओरडायची, "काय धिंगाणा मांडलाय रे मेल्यांनो! घरंदारं आहेत की नाहीत?" आणि लगेच आत वळून दुसऱ्या कुणाला तरी सांगायची, "खेळतायत हो, खेळू देत." हा शब्द मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकला असणार. पण अहवालात 'उगम : आई' असं लिहिता येत नाही. साकेत पुरावा मागतील.

शेजाऱ्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. सल्ल्याला आमच्याकडे कधी तुटवडा नसतो. पाणी नसेल, सल्ला असतो. एकाने सांगितलं, हा शब्द ढोलावरून आला, धिं धिं वाजतं म्हणून धिंगाणा. दुसरा म्हणाला छे, हिंदीत धिंगामुश्ती आहे ना, तिकडूनच आलाय, आपल्याकडे सगळं तिकडूनच येतं. त्यावरून दोघांचं लिफ्टमध्ये इतकं वाजलं की लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकली. रखमाबाईंना विचारायला गेलो, तर त्या माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"सुदीर, ह्यो तू माना इचारतस? आमचे गोविंदाचे हलदीला आल्ता ना तू?"

"आलेलो."

"मंग? ज्यो झाला त्योच धिंगाना. बाकी सगला भजन."

गोविंदा हा त्यांचा नातू. त्याच्या हळदीचे स्पीकर अजून माझ्या डाव्या कानात वाजतात. पण पुन्हा तेच, पुरावा काय?

शेवटी नीलाच म्हणाली, "शब्दकोश बघा की." वाचनालयात गेलो. खंड रांगेने लावलेले. 'त'चा होता, 'प'चा होता, मधला नेमका गायब.

"तो बाइंडिंगला गेलाय," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "कल्याणला."

"कधी येईल?"

"यायला हवा होता."

हे 'यायला हवा होता' मी ओळखतो. आम्हीसुद्धा मीटरच्या बाबतीत हेच म्हणायचो. म्हणून स्वतःच रिक्षा करून कल्याणला गेलो. पत्रीपुलावर रिक्षा तासभर जागची हलली नाही. रिक्षावाल्याने विचारलं, काका कुठल्या कामाला? मी म्हटलं, धिंगाण्याच्या. त्यानंतर तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. बाइंडरचं दुकान सापडलं. बाइंडर म्हणाला, जाड पुस्तकं माझा भाऊ शिवतो, तो विठ्ठलवाडीला. विठ्ठलवाडीला भाऊ जेवायला गेलेला. तो ढेकर देत आला आणि त्याने ठोकळ्याखालून 'ध'चा खंड काढला. अजून कव्हर नव्हतं. मी तिथेच उभ्याने पान उघडलं. शब्दापुढे चार अर्थ, चारही 'ध'चेच. त्यातला एकेक उलटून बघितला तर प्रत्येकापुढे अर्थ म्हणून दिलाय काय? तर धिंगाणा! आणि उगमाच्या कंसात एक ठळक प्रश्नचिन्ह. एवढ्या मोठ्या पंडितांनी हात टेकले तिथे मी, खांबेटे, काय करणार? मी खंड परत दिला आणि कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो.

शुक्रवारी संध्याकाळी उपसमितीची बैठक विहिरीजवळ, बोर्डाखाली भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. साकेत मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेऊन आले होते. त्यांचं म्हणणं, अर्थबिर्थ सोडा, एक आकडा ठरवा. त्याच्या वर गेला तो धिंगाणा, खाली राहिला तो खेळ. दोन दिवस त्यांनी इमारतभर मोजमाप केलं होतं. निकाल सांगताना ते जरा चाचरले. मुलांच्या खेळाचं त्यांच्याकडे सान्वीच्या जुन्या व्हिडिओतलं एक माप होतं. त्यापेक्षा माझ्या घरचा मिक्सर वरचढ होता. आणि सगळ्यांत मोठा आकडा आला होता तो आमच्या मिटिंगच्या रेकॉर्डिंगमधल्या चेअरमनच्या 'शांतता राखा' या वाक्याला.

रखमाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. रतन हसला नाही.

"व्हिडिओवरचं माप चालणार नाही," साकेत म्हणाले. "प्रत्यक्ष नमुना हवा. मुलांना बोलवा."

मी वर बघून हाक मारली. क्षिप्रा गॅलरीत आली. "व्याख्या झाली का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग सॉरी आजोबा. रिस्क नाही घेणार." आणि आत गेली.

तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं. इतके दिवस त्या कोपऱ्यात चिटपाखरू नव्हतं. पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. रतन म्हणाला, "फार शांत झालंय रे." मी म्हटलं, "तुलाच हवं होतं ना?"

"काय एवढा इचार करतंव?" रखमाबाई म्हणाल्या. "पोरा नाय तं आपन खेलू. नमुना काय पोरांनीच द्यायचा, आसा लिवलंय काय?"

तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. साकेतनी मान्य केलं, टेक्निकली हरकत नाही. रखमाबाईंनी वरून तेलाचा रिकामा डबा मागवला. डबा ऐसपैस! डबा जमिनीला लागून खणकन वाजला मात्र, आणि मी खुर्चीतून उठलोच. किती वर्षांनी तो आवाज ऐकला! हात उलटेसुलटे करून आम्ही चकलो. राज्य माझ्यावर आलं. ते चाळीतही माझ्यावरच यायचं. आतासुद्धा रतनने शेवटच्या क्षणी हात फिरवला, मी पाहिलं, पण निमंत्रकाने किती खाली उतरायचं याला मर्यादा असते.

नियम सोपा. ज्याच्यावर राज्य त्याने डबा रिंगणात ठेवून डोळे मिटून मोजायचं. बाकीच्यांनी लपायचं. एखादा दिसला की डब्यावर पाय ठेवून त्याचं नाव घेऊन 'ऐसपैस' ओरडायचं. पण तेवढ्यात कुणी येऊन डबा उडवला, की सगळे सुटले आणि राज्य परत तुमच्यावरच.

मी मोजून डोळे उघडले. साकेत बुटांसकट लाल स्कूटरच्या मागे दिसले. "साकेत ऐसपैस!" मी ओरडलो. कुणीतरी मागून हुप्प केलं, वळतोय तो नऊवारीचा काष्टा खोचून रखमाबाई गाडीमागून धावत आल्या आणि डब्याला अशी लाथ हाणली की तो मीटर रूमच्या दारावर आपटला. "सुटला, सुटला!" त्या टाळ्या पिटायला लागल्या. "आरं, मी कंदी खेललेच नाय! नवी नवरी होते ना तवा. तुमी खेलायचे न् मी वरून बगायची." पुन्हा राज्य. पुन्हा डबा उडाला. साकेतनी टाय काढून खिशात कोंबला आणि डबा उडवताना ते वकिलाला न शोभणारा आवाज काढायला लागले. मी पळालो, धडकलो, खुर्ची आडवी केली. गुडघ्याचा पट्टा घोट्याशी आला. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो देव जाणे.

आणि शिट्टी वाजली.

नवा वॉचमन संदेश. दोनच दिवसांपूर्वी कामावर लागलेला. त्याला मी स्वतः बजावलं होतं, बोर्डाखाली कुणी आवाज केला तर मुलाहिजा ठेवायचा नाही. त्याने ठेवला नाही.

"ओ काका! बोर्ड वाचता येत नाही काय? कुठल्या बिल्डिंगमधले तुम्ही?"

"अरे, मी सेक्रेटरी आहे! बोर्ड मीच लिहिलाय!"

"सगळे हेच सांगतात. गेटवर चला, एंट्री करा."

मान वर केली तर प्रत्येक गॅलरीत माणसं आणि माणसांच्या हातात मोबाइल. माझ्या आजवरच्या सगळ्या सूचनांना मिळून जेवढे वाचक लाभले नसतील तेवढे प्रेक्षक त्या दहा मिनिटांना लाभले. नीलाही होती. तिने गॅलरीचा कठडा धरला होता आणि ती हसून हसून वाकली होती. मी घोट्यावरचा पट्टा वर ओढला आणि शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो, "नमुना घेणं चालू आहे."

साकेतनी संदेशला समजावलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "चेअरमन कुठेत?"

रतन नव्हता. पहिल्या डावापासून नव्हता. डबा दोनदा उडाला, सगळे सुटले, तरी तो बाहेर आला नव्हता. मी हाक मारली. "रतन, संपला खेळ!" उत्तर नाही. मीटर रूम बघितली, पंप बघितला, जिना बघितला. दिवे लागले. रतनच्या छातीत स्टेंट आहे. "रतन! अरे ये बाहेर, चेष्टा पुरे!" माझा आवाज चिरकला. तोवर वरची मुलं भराभरा उतरून आली होती. धावत, ओरडत, सगळीकडे टॉर्च मारत. कुणी त्यांना अडवलं नाही.

क्षिप्राने माझा हात धरला. "आजोबा, ते लहानपणी कुठे लपायचे?"

"विहिरीमागे. कठडा आणि कुंपणाच्या मधल्या फटीत. पण आता त्याचं पोट…"

ती गेलीसुद्धा. "इथेत!" असं ओरडली. मी धडपडत पोहोचलो. त्या चिंचोळ्या फटीत, कठड्याला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन आमचे चेअरमन बसले होते. शुद्धीत होते. व्यवस्थित होते.

"अरे गाढवा, हाका मारतोय ना! ओ द्यायला काय झालं? अडकलायस का?"

"अडकलो नाहीये. लपलोय."

"खेळ संपला!"

"माझं नाव कुठे घेतलंस? नाव घेतल्याशिवाय बाहेर यायचं नाही. नियम आहे."

मला रागही आला आणि हसूही. मी टेकलो तिथेच जमिनीवर. क्षिप्रा शहाणी, तिने बाकीच्यांना लांब नेलं. मग रतनच बोलला.

"सुध्या, झोप मोडली म्हणून नाही रे बोर्ड लावला."

"मग?"

"नातू इथे होता तेव्हा याच पोरांत खेळायचा. आता आर्यन ठाण्याला गेला, घोडबंदरला. चांगली शाळा आहे, मुलाचं ऑफिस जवळ आहे, सगळं बरोबर आहे. पण खाली गलका झाला की मी झोपेतून उठून गॅलरीत धावतो. वाटतं, आर्यन पडला की काय. मग कठड्याशी गेल्यावर आठवतं. रोज. रोज तेच. मला सोसेना, म्हणून म्हटलं, नकोच तो आवाज."

"मग सांगायचं ना मला."

"काय सांगणार? मुलगा म्हणतो येतो शनिवारी, मग शीळफाट्याला ट्रॅफिक आहे म्हणतो. कधी येतो, कधी नाही. आणि आवाज बंद केला तर काय झालं माहितेय? गॅलरीत जायचंच बंद झालं. दिवसभर घरात बसून असतो. आवाज होता तोवर निदान क्षणभर तरी वाटायचं, खाली आहे तो."

मी उठलो, खुरडत डब्यापाशी गेलो, त्यावर पाय ठेवला आणि होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो, "रतन ऐसपैस!"

"आता येतो," आतून आवाज आला. थोडी खुडबुड झाली. मग अगदी बारीक सुरात, "सुध्या, अडकलोय रे."

मग सान्वीने त्याचा एक हात धरला, तिच्या कमरेला क्षिप्राने, क्षिप्राला बाकीच्यांनी, शेवटी संदेशने. रखमाबाई "हय्या हो" म्हणत होत्या. रतन सुटला तेव्हा सगळी माळच्या माळ उताणी पडली आणि जो काय आवाज झाला, तो मोजायला साकेतचा मोबाइल जागेवर नव्हता. तो त्यांनी सगळ्यांत मागे टॉर्च म्हणून धरला होता. खाली पडलेला रतन पोटावर हात ठेवून हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कशाचं, हे मी विचारलं नाही.

रविवारी सभा झाली. मी उपसमितीचा अहवाल वाचला. शब्दाचा अर्थ अद्याप निश्चित नाही. उगमापुढे प्रश्नचिन्ह आहे. नमुना घेतला, परंतु एक नमुना पुरेसा नाही. सबब मुदतवाढ मिळावी.

वरच्या मजल्यावरचे एकजण उठले. "मुदत संपली! ठरल्याप्रमाणे पार्किंगचं घ्या."

"आसा कसा?" रखमाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "वकील, तुमी सांगा. आब्यास चालू हाय, तवर जागा कुनाला देता येल?"

साकेत उभे राहिले. सान्वी पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडे एकटक बघत होती. त्यांनी घसा साफ केला. "टेक्निकली," ते म्हणाले, "विषय अभ्यासाधीन असताना जागा जैसे थे ठेवावी लागेल. पुरावा नष्ट करता येत नाही."

चेअरमननी ठराव सांगितला, मी तो शुद्ध भाषेत लिहिला. उपसमितीने अर्थाचा व उगमाचा अभ्यास रोज संध्याकाळी पाच वाजता, प्रत्यक्ष जागेवर, मुलांच्या उपस्थितीत चालू ठेवावा. मुदत ठरवण्यात येत नाही. बोर्ड काढू नये, असं क्षिप्रानेच सुचवलं. पत्र्याचा आहे, त्यावर बॉल मारला की छान वाजतो म्हणाली.

पुढच्या शनिवारी मी दुपारचा जरा आडवा झालो होतो. डोळा लागतो न लागतो तोच मागच्या बाजूने असा गलका उठला की मी ताडकन उठून बसलो. तावातावाने गॅलरीत गेलो. शब्द ओठांवर आलेला होता. आईचाच शब्द, आईच्याच सुरात. खाली बघतो तर डब्याशेजारी कमरेवर हात ठेवून रतन उभा, आणि त्याच्या शेजारी तश्शाच कमरेवर हात ठेवून आर्यन. शीळफाटा मोकळा मिळाला असावा.

"सुध्या!" रतन खालून ओरडला. "उतर खाली! राज्य तुझ्यावर आहे!"

"मी चकलोच नाही अजून!"

"तुझ्यावतीने मी चकलो!"

नीला गुडघ्याचा पट्टा घेऊन मागेच उभी होती. मी खाली गेलो. डबा रिंगणात ठेवला, त्यावर पाय ठेवला, डोळे मिटले आणि मोजायला लागलो. चहूबाजूंनी पावलं पळाली, कुणी खिदळलं, कुणीतरी कुणाला तरी "शूऽऽ" केलं. मी नीट कान देऊन ऐकत होतो, म्हणजे निदान रतनची दिशा तरी कळावी. पण डोळे मिटल्यावर त्या पावलांतली पोरांची कोणती आणि रतनची कोणती, हे मला काही केल्या ओळखता येईना.